थर्मोस्टॅट परत बसवला: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरून

विदर्भात गाडीला हीटर कशाला, असं म्हणणाऱ्यानं डिसेंबरात भल्या पहाटे साकोलीहून नागपूरला निघून पाहावं. धानाच्या बांध्यांवर धुकं, काचेवर आतून वाफ आणि हीटरमधून येणारा कोमट वारा. आमची जुनी २००९ची पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतल्यापासून अशीच. नोव्हेंबरात काम करून घेतलं, आता जून लागलाय.

दोष एकट्या हीटरचा नव्हता. गावात फिरताना टेम्परेचरचा काटा थोडा वर यायचा, हायवेला लागलं की खाली बसायचा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला असेल किंवा मुळात नसेलच, तर असं होतं. आमच्यात नव्हता. मिस्त्री हसून म्हणाले, "उन्हाळ्यात गाडी गरम होते भाऊ, आपल्याकडं तो कायले पाह्यजे?" आमच्या भागात बऱ्याच जुन्या गाड्यांतून तो असाच गायब असतो.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडं न जाता इंजिनातच फिरतं. तो नसला की थंडीत रेडिएटर पाणी सतत निववत राहतो आणि तेच पाणी हीटरला मिळतं. वर इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, ते वेगळंच.

नवा बसवल्यावर काटा मध्यावर थांबला, पण ऊब अर्धीच. मग गाडी तापल्यावर डॅशबोर्डामागं जाणारे दोन रबरी पाईप जपून चाचपले: एक चटका देणारा, दुसरा कोमट. म्हणजे हीटरची छोटी जाळी (जिच्यातून गरम पाणी फिरून आतली हवा तापते ती) तुंबलेली. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्यावर दुसरं काय होणार! परतीच्या पाईपातून उलट्या दिशेनं हलक्या धारेनं पाणी सोडलं, तर काळ्या चहासारखा गंज निघाला. मिस्त्री कॉम्प्रेसर लावायला निघाले होते, मी नको म्हटलं. जुनी जाळी त्या दाबानं फुटू शकते. नंतर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हवा अडकू नये म्हणून इंजिन गार असतानाच झाकण काढलं, गाडीचं तोंड चढावर ठेवलं, हीटर फुल गरमवर करून ती चालू ठेवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो.

हिवाळ्यात फरक स्पष्ट होता. गाडी जागेवर उभी ठेवून ऊब लवकर येत नाही, चार-पाच किलोमीटर चालवावीच लागते. काच मात्र छान साफ होते, बाहेरची हवा घेणारी पट्टी उघडी ठेवली तर. आतलीच हवा फिरवली की वाफ परत धरते. डाव्या बाजूला पायाशी हवा अजून गारच येते. तिथल्या झडपेची तार ढिली असावी, पण त्यासाठी डॅशबोर्ड खोलणं मला परवडणारं वाटत नाही.

खरी परीक्षा मे महिन्याची. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४५च्या वर, एसी चालू, तरी काटा हलला नाही. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की पाण्याला अडवत नाही. उन्हाळ्यात गाडी तापते ती बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमुळं किंवा पंखा सुस्त झाल्यानं. आम्ही दोन्ही त्याच वेळी तपासून घेतले होते. ॲव्हरेजही थोडं सुधारलं.

कूलंटची पातळी मी अधूनमधून बघतो. ती कमी होत गेली, आत गोडसर वास आला किंवा डाव्या बाजूचं कार्पेट ओलं झालं, तर जाळी गळतेय असं समजायचं. मग ती बदलावीच लागते. गळती बुजवायची पावडर टाकली तर हीटर पुन्हा तुंबायची भीती.