३१६ म्हणून घेतलेली टाकी

रंगपाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा तिला आठ महिनेही झाले नव्हते. गळती लागली ती वेल्डिंगच्या कडेला, पाण्याची पातळी रोज जिथे खालीवर होते त्या पट्ट्यात. बाहेरून दिसायला टाचणीच्या टोकाएवढं भोक. तेवढा भाग कापून उभा चिरला, तर ३ मिलिमीटरच्या पत्र्याच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढी पोकळी निघाली. शेजारी अशाच आणखी चार, अजून आरपार न गेलेल्या. बाकीचा पत्रा मात्र आरशासारखा लख्ख.

त्याआधी दोन महिने फिक्या रंगाच्या कापडावर तपकिरी ठिपके येत होते. आम्ही रंग बदलून पाहिला, पाणी तपासलं, कापडाच्या गाठी परत पाठवल्या. टाकीवर संशय गेला नाही, कारण ही टाकी ३१६ एल स्टेनलेसची होती, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या प्रतीची. निदान कागदावर तरी.

माझी फसवणूक कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण तिची पद्धत साधी नव्हती. पुरवठादाराने माझ्यासमोर चाचणी करून दाखवली होती.

सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवताना आधी मीठ लागतं आणि मग सोडा. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, सोडा त्याला धाग्याशी पक्कं बांधतो. गडद छटेला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ सहज जातं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं, त्यावरून अंदाज यावा. पुरवठादार म्हणाला, “मॅडम, तुमच्याच मापाचं मीठ आणि सोडा घालून दाखवतो, मग तर विश्वास बसेल?” काचेच्या बरणीत दोन्ही विरघळवलं, पत्र्याचा तुकडा दोऱ्याने सोडला आणि बरणी माझ्याच टेबलावर ठेवून गेला. पंधरा दिवसांनी तुकडा काढला, पुसला, तराजूवर ठेवला. वजन तेवढंच, एक डागही नाही. मग त्याने चुंबक लावून दाखवलं. ते चिकटलं नाही. माझं समाधान झालं.

मेख त्या बरणीतच होती. स्टेनलेस टिकतं ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे, आणि हा थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. मिठातला क्लोराइड तो जागोजागी फोडतो. सोड्याचा हायड्रॉक्साइड नेमकं उलटं काम करतो, थराला सावरून धरतो. कोणता धातू टिकेल हे या दोघांच्या ओढाताणीवर ठरतं. काँक्रीटमधल्या सळ्यांवर काम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. तिथल्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो, म्हणजे ते सोड्याच्या पाण्यासारखं तीव्र अल्कधर्मी असतं, म्हणून साधं लोखंडही गंजत नाही; क्लोराइड आत शिरला की गंजायला लागतं. हाउसमन या संशोधकाने १९६७ मध्ये क्लोराइड आणि हायड्रॉक्साइडचं गुणोत्तर ०.६ च्या पुढे गेलं की सळीला धोका सुरू होतो, असं मांडलं होतं. स्टेनलेसला ही मर्यादा बरीच वरची असते, पण ओढाताण तीच. पुढे मी स्वतः दोन खिळे दोन ग्लासांत ठेवले, एक नुसत्या मिठाच्या पाण्यात, एक नुसत्या सोड्याच्या. पहिल्यावर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज चढला होता. दुसरा आठवडाभर होता तसाच राहिला. सोड्यात साधा खिळाही टिकतो, तर सोडा घातलेल्या थंड पाण्यात स्टेनलेस टिकलं म्हणून ते उत्तम ठरत नाही.

आणि आमच्या टाकीत मीठ आणि सोडा सुरुवातीपासून एकत्र नसतातच. आधी मीठ घालून पाणी तापवतो, ६० अंशांच्या आसपास. रंग सगळीकडे सारखा बसेपर्यंत सोडा पडत नाही. तोवर ते गरम, खारट आणि जवळपास उदासीन पाणी असतं. रंगाई संपली की कापडात राहिलेला सोडा मारायला ॲसेटिक ॲसिड घालतो, म्हणजे धुऊन उरलेलं मीठ आता आम्लात. टाकी रिकामी झाल्यावर भिंतीवरचे थेंब सुकतात आणि त्यांतलं मीठ आणखी तीव्र होत जातं. पत्र्याला धोका असतो तो या तीन वेळी, आणि बरणीत यांतली एकही वेळ नव्हती. हे त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. आमची प्रक्रिया त्याने मला खोदून खोदून विचारली होती.

एकदा खड्डा पडला की तो स्वतःच स्वतःला वाढवतो. आत विरघळलेले क्रोमियम आणि लोहाचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, विद्युतभार जुळवायला बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो. बाहेर नंतर सोडा पडला तरी आतलं आम्ल लगेच मरत नाही. म्हणून तोंड बारीक आणि पोट मोठं. वजनातली घट मोजून हे कळत नाही, कारण भोक आरपार गेलं तरी गेलेला धातू चिमूटभरच असतो. कोणी ‘वर्षाला इतके मिलिमीटर झीज’ असा आकडा दाखवला तर तो सगळ्या पृष्ठभागावर वाटलेला सरासरी आकडा असतो, हे ध्यानात ठेवा.

खड्ड्यांना अडवतं ते स्टेनलेसमध्ये मिसळलेलं मॉलिब्डेनम. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं, ३०४ या साध्या प्रतीत मुद्दाम घातलेलं नसतं. आम्ही हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने तपासून घेतलं: टाकीच्या पत्र्यात ०.२ टक्के, म्हणजे साधं ३०४. आतले नळ आणि फ्लँज (नळ जोडायच्या चकत्या) तर त्याहून हलक्या २०० मालिकेतले, निकेल कमी आणि त्याच्या जागी ८ टक्क्यांवर मँगनीज. चुंबक यांतल्या कशालाच चिकटत नाही. चुंबकाची परीक्षा इथे काहीच सांगत नाही, हे फार लोकांना माहीत नाही, मलाही नव्हतं.

कागद नीट वाचला असता तरी मी वाचले असते. मालासोबत आलेल्या प्रमाणपत्रावर कार्बन ०.०५ टक्के लिहिला होता. ‘एल’ म्हणजे कमी कार्बन, आणि ३१६ एलला ०.०३ च्या वर परवानगीच नाही. म्हणजे दुसऱ्याच मालाच्या कागदावर नाव तेवढं बदललेलं. हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाण्यात वितळवलं त्याचा क्रमांक, पत्र्यावर शोधला तर “पॉलिश करताना पुसला जातो” असं उत्तर मिळालं होतं. पॉलिशच्या आधी पत्रा बघायला मी जायला हवं होतं.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही मीठच जास्त घालता, ३१६ सुद्धा टिकलं नसतं. यात थोडं तथ्य आहे. गरम खारं पाणी रात्रभर उभं ठेवलं तर ३१६ मध्येही खड्डे पडतात, सांध्यातल्या गॅस्केटखाली तर आधी पडतात, आणि ६० अंशांच्या वर ताणाखालच्या वेल्डिंगला तडे जाण्याची भीती असते. पण मी जे मागितलं आणि ज्याचे पैसे मोजले ते मला मिळालंच नव्हतं. त्यावर तो गप्प बसला, आणि नंतर फोन उचलेनासा झाला.

याच्या उलट फसवणूकही होते. नुसत्या कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) टाकीसाठी “मॉलिब्डेनमवालं घ्या” म्हणून महाग माल गळ्यात मारतात. कॉस्टिकमध्ये मॉलिब्डेनमचा काही उपयोग नाही. तीव्र कॉस्टिक उकळण्याच्या आसपास तापवायचं असेल तर ३०४ काय आणि ३१६ काय, दोन्हींना तडे जाऊ शकतात. तिथे निकेल लागतं.

नव्या टाकीच्या वेळी प्रत्येक पत्रा, प्रत्येक नळ, वेल्डिंगची काडीसुद्धा यंत्राखाली धरली, आणि कार्बन ते यंत्र मोजत नाही म्हणून एक तुकडा ठिणगीच्या यंत्रावर वेगळा तपासून घेतला. वेल्डिंगचा निळसर-काळा डाग आम्लाने साफ करून घेतला, कारण त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि खड्डा तिथूनच सुरू होतो. सगळा माल नव्या, भरवशाच्या माणसाकडून आला होता. तरी बारापैकी दोन फ्लँजमध्ये मॉलिब्डेनम निघालं नाही. ते त्याच दिवशी परत गेले.