‘पाणी क्लिअर’ची बिनलेबल बाटली घेऊ नका

नव्या फिश टँकचं पाणी दोन-तीन दिवसांत दुधाळ झालं आणि दुकानदाराने काउंटरखालून लेबल नसलेली बाटली काढली, तर पाकीट खिशातच राहू द्या. ठाण्यात आम्हाला ती ३५० रुपयांना विकली गेली, आणि एकदाच नाही.

मुलीला गोल्डफिश हवे होते. टाकी घेतली दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ भरली तरी साधारण ५६ लिटर. दुकानदाराने त्याच वेळी सहा गोल्डफिश पिशवीत भरून दिले. ‘ताई, आजच सोडा, काही होत नाही.’ गोल्डफिश खातात भरपूर आणि घाण त्याहून जास्त करतात. एवढ्याशा पाण्यात सहा म्हणजे दाटीवाटीच, आणि रोज मासे विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

नव्या टाकीतलं पांढरं धुकं बहुतेक वेळा जिवाणूंचं असतं. विष्ठा आणि उरलेलं खाणं यांवर ते भराभर वाढतात. खाणं कमी केलं, फिल्टर आणि हवेचा पंप चालू ठेवला, की आठ-पंधरा दिवसांत धुकं आपोआप ओसरतं. पण खरं काम करणारे जिवाणू वेगळे. ते संथ वाढतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर चिकटून बसतात, आणि माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून टाकी आधी तयार करायची, मासे नंतर, तेही थोडे थोडे. हे ग्राहकाला सांगितलं तर त्या दिवशी मासे खपत नाहीत.

आम्हाला सल्ला मिळाला तो नेमका उलटा: ‘सगळं पाणी काढा, स्पंज नळाखाली खळखळून धुवा, आणि हे थेंब घाला.’ संध्याकाळपर्यंत पाणी काचेसारखं! घरात सगळे खूश. एक-दोन दिवसांनी पुन्हा दूध. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, दोन गेले. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: ‘तुमच्या नळाचं पाणीच खराब आहे, ताई.’ मग नवी बाटली, मेलेल्यांच्या जागी नवे मासे, आणि शेवटी यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याचा आग्रह.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्याखाली स्पंज धुतला की जेमतेम बसू लागलेले जिवाणू मरतात, टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, धुकं परत येतं आणि गिऱ्हाईकही परत येतं. त्याचा सल्लाच त्याचा माल खपवत होता.

बाटलीचं गुपित माझ्या भाच्याने उघडं केलं. तो रसायनशास्त्र शिकतो. त्याने थोड्या द्रवात खायचा सोडा टाकला, तर फसफसून पांढरे, जेलीसारखे गोळे तयार झाले. उरलेला द्रव बशीत सावकाश वाळू दिला, तर शाळेत तुरटीचे करतात तसे आठ पैलूंचे स्फटिक. घरातल्या तुरटीचं पाणी करून शेजारी ठेवलं, तेही तसंच वागलं. म्हणजे पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात ती तुरटी, तीही पाण्यात विरघळवून.

तुरटीने बारीक कण एकत्र येऊन खाली बसतात, पाणी नितळ दिसतं. अमोनिया मात्र आहे तितकाच राहतो. शिवाय तुरटी पाणी आम्ल करते. आमच्याकडे धरणाचं पाणी मुळात मृदू, ते सावरायला फारसे क्षार नाहीत. आम्लता वाढली की अमोनिया संपवणारे जिवाणू आणखी मंदावतात. ज्यांची वाट बघायची, त्यांच्याच मुळावर ही बाटली.

पाणी गढूळ दिसलं तर पांढऱ्या कपात घेऊन रंग बघा. हिरवं असेल तर ते शेवाळ: दिवा कमी वेळ लावा, टाकीवर ऊन येऊ देऊ नका. यूव्ही दिव्याचा खरा उपयोग इथे. चहासारखं पिवळट असेल तर शोभेच्या लाकडाचा रंग उतरलाय, त्याने मासे मरत नाहीत. टाकी भरल्या भरल्या राखाडी दिसलं तर खडे नीट धुतलेले नाहीत. दुधाळ असेल तर अमोनिया तपासायचं किट आणा. मी मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘लागत नाही ते.’ अमोनिया दिसला तर पाव टाकीच पाणी बदला, नव्या पाण्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारे थेंब, घालून. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

पैसे परत मागितल्यावर तो म्हणाला, बदल्यात गप्पी मासे घेऊन जा. पक्कं बिल त्याने कधीच दिलं नव्हतं. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव, प्रमाण, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्याच्या बाटलीवर यातलं काहीच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. सोबत बाटलीचे फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि त्याने ‘सगळं पाणी काढा’ असं लिहिलेले व्हॉट्सअॅप मेसेज दिले आहेत. तुमच्याकडेही अशी बाटली असेल तर ती रिकामी करू नका, तळाशी थोडं शिल्लक ठेवा.