विनएससीपी: रोज रात्री आपोआप फाइल पाठवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याकडे. परदेशातल्या खरेदीदाराला पॅकिंग लिस्टची फाइल रोज रात्री त्यांच्या एसएफटीपी सर्व्हरवर (एसएफटीपी म्हणजे फाइल सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) लागते. नाही पोचली तर सकाळी मेलवर मेल. त्यासाठी दिवाळीच्या आधीपासून विनएससीपी हे फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण फक्त विंडोजवर चालतं.

माउसने फाइल ओढून टाकणं कुणालाही जमतं, कस लागतो तो स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालायच्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये. सेटिंगवरून तयार स्क्रिप्ट करून देणारी सोय आतच आहे, ती वापराच. पासवर्डमध्ये ॲट द रेट असेल तर त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहावं लागतं. विंडोजच्या बॅच फाइलमधून कमांड दिली तर टक्का दोनदा. असल्या बारीकसारीक भानगडी ती सोय स्वतः निस्तरते.

हाताने चालवली की स्क्रिप्ट पळते, ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून मात्र बंद पडते, ही तक्रार बऱ्याच जणांची असते. टास्क वेगळ्या विंडोज युजरखाली चालतो आणि सर्व्हरची होस्ट की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी खूण, तुमच्या युजरखाली साठवलेली असते. म्हणून कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिचं अक्षरा-आकड्यांतलं छोटं रूप, स्क्रिप्टमध्येच लिहायचा. काही जण तिथे नुसता स्टार टाकतात, म्हणजे समोर कोण का असेना, चालेल! मग एसएफटीपीचा खटाटोप कशाला?

सगळ्यात डोकं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. फाइल पोचायची, तरी स्क्रिप्ट एरर द्यायची. लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद, उघडला तर: अपलोड यशस्वी, पण परमिशन किंवा वेळ लावताना चूक. खरेदीदाराचा सर्व्हर फाइल पडली रे पडली की उचलून दुसरीकडे हलवतो. विनएससीपी तारीख-वेळ लावायला जातं तोवर फाइल जागेवर नसतेच. 'पुट' कमांडला 'नोप्रिझर्व्हटाइम' आणि 'नोपरमिशन्स' जोडले, एरर गेली. पण एकदा मोठी ऑर्डर आली आणि फाइल १०० केबीच्या वर गेली. तेवढ्या मोठ्या फाइलला विनएससीपी आधी 'फाइलपार्ट' शेपूट लावून पाठवतं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतं. पलीकडच्याने ती शेपटीसकटच उचलली. शेवटी 'रिझ्यूमसपोर्ट' ऑफ केलं, म्हणजे ते शेपूट लावणंच बंद.

दोन्ही वेळा उत्तर लॉगमध्येच सापडलं, त्यामुळे लॉगचा स्विच पहिल्या दिवसापासून लावा. स्क्रिप्टसाठी विनएससीपीची .exe नव्हे, .com नावाने संपणारी फाइल चालवा, म्हणजे संदेश स्क्रीनवर दिसतात. मदतीची पानं इंग्रजीत आहेत, पण नेमकी आहेत.

मध्यंतरी खरेदीदाराने सर्व्हर बदलला. की जुळेना म्हणून स्क्रिप्टने फाइल पाठवलीच नाही. मालक म्हणाले, "चालू करून टाका की ओ, ट्रक थांबलाय." मी आधी त्यांच्या आयटीवाल्याला फोन लावला, नवा फिंगरप्रिंट एकेक अक्षर वाचून घेतला, मगच बदलला. तासभर गेला, मालक अजून कुरकुरतात, पण त्या तासासाठीच हे सॉफ्टवेअर मला पटलंय.