जुनी स्प्लेंडर, अकरा महिने: इंजिन झालं, गाळ निघाला, भांडण फक्त न्यूट्रलच्या दिव्याशी

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर माझी गाडी म्हशीच्या अंगावर गेली. गेली म्हणजे फूट-दीड फूटच. न्यूट्रलचा हिरवा दिवा लखलखीत पेटलेला होता. त्याच्या भरवशावर मी गाडी साईड स्टँडवर असतानाच किक मारली, इंजिनाने पकडलं आणि गाडीने पुढे उडी घेतली. पहिला गिअर पडलेला होता. स्टँड आपटून मिटला, मी कसाबसा हँडल धरून राहिलो. बादली कलंडली नाही हे नशीब. म्हशीने मान वळवून एकदा बघितलं. गवळी धार न थांबवता म्हणाला, "ओ पावणं, म्हशीला किक दावायलायसा व्हय?"

सगळा कट्टा हसला. घरी येऊन दूध तापत ठेवलं आणि ठरवलं, आता लिहायचंच.

स्प्लेंडर म्हणजे काय हे सांगावं लागेल असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही, त्यामुळे ९७.२ सीसी, चार गिअर वगैरे पाढे म्हणत नाही. माझी २००९ ची प्लस, किकवाली, म्हणजे टाकीवर अजून 'हिरो होंडा' दोन्ही नावं असलेली. हे लग्न २०१० च्या डिसेंबरात मोडलं. जुनी गाडी घेणारे बरेच जण मुद्दाम त्याआधीचीच शोधतात. त्यात तथ्य किती आणि भावना किती हा वेगळा वाद, पण भाव त्यामुळे चढतो एवढं खरं. पासिंग एमएच ०९. पंधरा वर्षं २०२४ मध्ये भरली होती. मालकाने २,००० चा पर्यावरण कर भरून रिपासिंग करून ठेवलं होतं, म्हणजे पुढची पाच वर्षं आरटीओची कटकट नाही. मला इथेच भुरळ पडली. मागितले २६,०००, दिले २१,०००. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पेढा खाल्ला, आणि गाडी घेऊन आलो.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघतो. शिवाजी पेठेतून जाऊन-येऊन रोजचे पंचवीस किलोमीटर. पै-पैची वही ठेवायची सवय आहे, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे नाहीत.

पहिल्या महिन्यात धूर. सकाळच्या पहिल्या किकला थोडा निळा धूर येऊन बंद झाला तर वॉल्व्ह सील, आणि रेस पिळताना मागे पदर लागल्यासारखा येत राहिला तर रिंगा. माझ्याकडे पदरच होता. मिस्त्रीने हेड उतरवलं, सिलिंडरच्या वरच्या अंगाला माझं बोट फिरवलं. नखाला अडेल इतकी कड. "सायेब, ब्लॉक उद्यमनगरात न्या. नवीन किट कशाला घालतायसा?" मी नेला. ज्या गावात पंपाच्या बॉडीपासून ट्रॅक्टरच्या भागापर्यंत सगळं ओतून, कातून मिळतं, तिथे स्प्लेंडरचा ब्लॉक म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. प्रत्यक्षात तीन चहा झाले, कारण कारागिराने आधी माझा पिस्टन मोजला, मग बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वरून, मधून, खालून मोजला आणि मग पाव एमएम ओव्हरसाइजचा पिस्टन आणायला मला पिटाळलं. बोअरिंग, होनिंग, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, फिटिंग मिळून २,३५०. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही. हायवेवर उजळाईवाडीच्या पुढे ऊसाच्या ट्रॉल्यासुद्धा मला ओव्हरटेक करून गेल्या.

तेव्हापासून इंजिनाबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. ९०० मिली ऑइल, दर २,००० किलोमीटरला बदलतो. मिस्त्री म्हणतो लवकर होतंय, मी म्हणतो पिस्टनपेक्षा ऑइल स्वस्त. भरलेली टाकी ते भरलेली टाकी असं मोजून अॅव्हरेज ६१, ५८, ६३. पावसाळ्यात ५७. हिला मागे बसवून पन्हाळा चढून आलो, शेवटच्या वळणांना दुसरा गिअर लागला, बाकी काही नाही.

आता त्या दिव्याकडे येतो.

गाडी घेतली तेव्हा न्यूट्रलचा दिवा लागतच नव्हता. एक बल्ब, किती मोठी गोष्ट? मिस्त्रीने बल्ब बदलला. वीस रुपये. दिवा लागला. आठ दिवसांनी कधी लागे, कधी नाही. मग स्विच बदलला, १२० रुपये. हा स्विच डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हराआड असतो. चेनचं सगळं काळं ऑइल तिथेच साचतं, तर म्हटलं खराब झाला असेल. त्यानंतर दिवा गिअरमध्येही लागायला लागला. हे आधीपेक्षा वाईट. न लागणारा दिवा गप्प असतो, हा खोटं बोलायला लागला. जानेवारीत मी वैतागून एका चकचकीत सर्व्हिस सेंटरात नेली. तिथल्या मुलाने गाडीला हात न लावता कागदावर लिहून दिलं: पूर्ण वायरिंग बदला, मजुरीसकट ३,५००. एका हिरव्या दिव्यासाठी! मी विचारलं, "नक्की कुठं फॉल्ट आहे ते दाखवता का?" तर म्हणाला, "काका, जुन्या गाडीत तसं शोधत बसत नाहीत." काका म्हणाला याचा जास्त राग आला. धुण्याचे ८० रुपये मात्र लावले. वहीत त्यापुढे लाल शाईने फुली आहे.

याच रागात मी गाडी विकायला काढली होती, हे कबूल करतो. शेजारच्या पोराने २४,००० म्हटलंही. त्या दिवशी लिहिलं असतं तर 'जुनी गाडी घेऊ नका' एवढंच लिहून मोकळा झालो असतो.

मत बदललं ते गाळामुळे. फेब्रुवारीत हेडलाइट मंद वाटतो म्हणून मिस्त्रीने त्याचा डोम उघडला. (या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटवर, म्हणजे इंजिन फिरताना तयार होणाऱ्या विजेवर चालतो. रेस कमी की उजेड कमी. त्यात बिघाड काहीच नव्हता, मी उगाच गेलो होतो.) स्प्लेंडरच्या त्या डोममध्ये निम्म्या वायरिंगचे कपलर कोंबलेले असतात. काच बाहेर काढली आणि आतून त्याच्या मांडीवर चमचाभर काळपट माती पडली. त्याने ती चिमटीत घेतली, अंगठ्याने चोळली. धूळ बोटाला खरखरते. ही मैद्यासारखी मऊ होती, आणि बोटांच्या रेषांत जाऊन बसली. तो काही बोलला नाही, आधी चहा मागवला. मग म्हणाला, "सायेब, ही गाडी पोहलीया."

२०१९ किंवा २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या दोन्ही वर्षी पाणी त्याच्याही खूप वर गेलं होतं. मालकाचं घर नदीकडच्या भागात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या पडवीत गाडी लावलेली होती तिथल्या भिंतीला कमरेपर्यंत नवा रंग आणि वर जुना. मी त्या भिंतीला टेकून २१,००० मोजले होते. फोन केला. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. "पुरात व्हती, पण टाकीपर्यंत न्हाई हो. सीटपर्यंतच."

सीटपर्यंत!

पण गंमत अशी की त्या फोननंतर माझा राग उतरला. गाडीला आजार कोणता हे कळलं होतं. पुराचं पाणी इंजिनाला मारत नाही असं नाही, पण ते दिसतं. ऑइल दुधाळ होतं, लोक ओततात, बदलतात, धुतात. वायरच्या जोडात शिरलेलं पाणी कुणाला दिसत नाही. तांब्यावर हिरवट गंज चढत राहतो आणि तीन वर्षांनी त्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत पडतो. मग मी आणि मिस्त्रीने एकेक कोपरा उघडला. कोनसेट गंजून हँडल मध्यावर अडकल्यासारखं होत होतं, बदलला. मागच्या ड्रममध्ये गाळ, चाकाची बेअरिंगं कुरकुरणारी, बदलली. चेनकव्हरच्या तळाशी ग्रीसमध्ये कालवलेला गाळ. टूलबॉक्समध्ये गाळ आणि एक मेलेली गोगलगाय. कोरडा निघाला तेवढा मी एका बरणीत साठवत गेलो. हसा खुशाल. कंपनीच्या स्टोअरच्या काट्यावर वजन केलं: १८५ ग्रॅम. बरणी वजा करून.

दिवा मात्र खोटं बोलतच राहिला, आणि म्हणून ती म्हैस.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी मी स्वतः बसलो. मिस्त्रीकडून एवढंच विचारून घेतलं होतं की या दिव्याला बॅटरीचा करंट चावी लावताच मिळतो, आणि गिअर न्यूट्रलला आला की तो खालचा स्विच त्याला अर्थ देतो, म्हणजे बॉडीशी जोडतो. म्हणजे दिवा खोटा लागतो तेव्हा ती वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकते आहे. काळी वायर म्हणजे चावीनंतरचा करंट, हिरवी म्हणजे अर्थ, आणि आपली ती फिकट हिरवी, अंगावर लाल रेघ. होंडाच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हेच रंग. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्टर केला. दोन तास काही सापडलं नाही. चहा घेऊन हिने विचारलं, "हँडल तिकडं केलं की लागतोय काय तो?" मी म्हटलं, तसं काही नसतं. मग हळूच हँडल डावीकडे वळवलं. लागला. सरळ केलं. विझला. डावीकडे. लागला.

साईड स्टँडवर गाडी लावली की हँडल डावीकडेच पडतं. म्हणजे हा दिवा नेमका किक मारायच्या वेळी खोटं बोलत होता, आणि मिस्त्री बघायचा तेव्हा डबल स्टँडवर, हँडल सरळ!

टाकी उतरवली. हँडलच्या मुळाशी, चासीला चिकटून, त्या वायरला कुणीतरी जोड दिलेला. टेप नाही. दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळून वर सुतळी. पट्टी सोडली तर आत तोच मैदा गाळ आणि हिरवं पडलेलं तांबं. पुरानंतर घाईत कुणीतरी केलेलं काम. त्यात कंपनीचा दोष नाही, स्विच-बल्ब बदलणाऱ्या माझ्या मिस्त्रीचाही नाही. त्याला मी दोन महिने मनात शिव्या दिल्या त्या इथे परत घेतो. हातभर वायर, एक स्लीव्ह, थोडं सोल्डर: ३५ रुपये.

वहीची बेरीज: गाडी २१,०००, आजवरची कामं ११,४६०. मागचा टायर आणि चेनसेट यातच आले. दहा अंकी लेसर कोड असलेली नवी नंबरप्लेट वेगळी, ४५० अधिक जीएसटी. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनी रबरं टिकत नाहीत म्हणून कार्बोरेटरची पाइप आणि कॉकचा वॉशर मी आधीच बदलून टाकले, ते ६५. शेजारचा पोरगा आता २५ म्हणतोय. दिवा नीट झाल्यावर विकू? त्याने उघड्या डोळ्यांनी नवीच घ्यावी.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्या गावात जुनी गाडी बघायला जाताना किक मारायच्या आधी एक स्क्रूड्रायव्हर मागून हेडलाइटचा डोम उघडा. मालक नको म्हणाला तर पेढा खाऊ नका. आणि भिंत बघा.

बरणी परवा हिने तुळशीत ओतली. वजनाची नोंद वहीत आहे, त्यामुळे काही बिघडलं नाही. आता फक्त स्पीडोमीटर उघडायचा राहिलाय. मिस्त्री म्हणतो दहा ग्रॅमच्या आत, मी म्हणतो वीसच्या वर. जो हरेल त्याने मिसळ द्यायची, जादा कटासकट.