शेतकरी आठवडे बाजार : भाजी उत्तम, एक नियम मात्र काढा

पुण्यात आमच्या सोसायटीजवळच्या मैदानावर रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरतो. भाजीसाठी मी आता दुसरीकडे जात नाही. मेथीच्या मुळांची माती ओली असते, गवार कोवळी मिळते. कधी तोडली म्हणून विचारलं तर नेमकं उत्तर येतं, कारण तोडणारा तोच असतो. कोथिंबीर मात्र लवकर संपते.

भाव विकणारा आणि घेणारा यांच्या बोलण्यात ठरतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी कांदा. वडिलांच्या हातातल्या पट्टीत, म्हणजे बाजार समितीतल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, वर विक्रीची रक्कम असायची आणि खाली अडत (दलालाचं कमिशन), हमाली, तोलाई (वजनाचा खर्च) वजा होत जायची. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे तो समितीबाहेर थेट विकता येऊ लागला, अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. सरकारनं हात काढून घेतल्यानं भलं झालं, त्याचं हे उदाहरण आहे. उलटं उदाहरणही घरचंच. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ती उघडली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी दरानं बाहेर विकायचं नाही) आणि 40 टक्के निर्यात शुल्क ठेवून. मला शहरात कांदा स्वस्त मिळावा म्हणून माझ्या भावानं पडत्या भावात माल द्यायचा, हे कुठल्या हिशेबानं योग्य?

म्हणूनच या बाजारातला एक नियम मला खटकतो. आयोजक एका भाजीला एकच स्टॉल देतात. मागे पुरंदरकडचा एक तरुण टेम्पोत वाटाणा घेऊन आला होता. वाटाण्याचा स्टॉल आधीच आहे, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्या दिवशी आत जो वाटाणा होता तो जरठ होता आणि महागही, पण घेणार कुणाकडून? शेतकऱ्याला बाजार समितीच्या बंधनातून सोडवायचं आणि इथे दारात पुन्हा अडवायचं, याला अर्थ नाही.

आयोजकांनी वजनकाटे तपासावेत, पिण्याच्या पाण्याची सोय करावी, पहाटे गावाहून निघालेल्या बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवावं. ही कामं त्यांचीच आहेत आणि सध्या अर्धवट होतात. कुणी काय विकायचं ते विकणाऱ्यावर सोडावं.

पाचपैकी चार तारे. वाटाण्याचा दुसरा स्टॉल लागला की पाचवा देईन.