जुने स्टोरेज हीटर ठेवावेत, बदलावेत की काढून टाकावेत?

ब्रिटनमध्ये गॅसची जोडणी नसलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढे पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक खोलीत भिंतीलगत एक जड, रुंद हीटर असतो. पहाटे तो हात लावू नये इतका तापलेला असतो आणि संध्याकाळी सगळे घरी परततात तेव्हा जेमतेम कोमट उरलेला असतो. असा हीटर काढून टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या जागी काय येणार आणि त्यासोबत विजेचा कोणता दर येणार, हे दोन्ही ठरल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या हीटरच्या आत जड विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू उष्णता सोडतात. त्यासाठीचा ‘इकॉनॉमी ७’ हा दर १९७८ पासून प्रचारात आहे: रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि उरलेले सतरा तास नेहमीपेक्षा महाग. हीटरवर सहसा दोन नॉब असतात. ‘इनपुट’ रात्री किती उष्णता साठवायची ते ठरवतो, तर ‘आउटपुट’ आतली झडप उघडून ती लवकर बाहेर सोडतो. झोपताना आउटपुट उघडा राहिला, तर साठा होत असतानाच उष्णता निसटू लागते आणि संध्याकाळसाठी काही उरत नाही. म्हणून बदलण्याचा विचार करण्याआधी आउटपुट रात्री आणि सकाळी बंद ठेवून संध्याकाळीच उघडण्याचा प्रयोग थंडीचे काही दिवस अवश्य करावा. एखादा हीटर तापतच नसेल, तर त्यातील तापणारी तार किंवा थर्मोस्टॅट बदलता येतो. यंत्र साधे असल्यामुळे केवळ वय झाले म्हणून ते टाकून देण्याचे कारण नसते.

आता खर्चाकडे वळू. दर कंपनीनुसार आणि भागानुसार बदलतात, म्हणून हिशेबासाठी गृहीत धरू की रात्रीचे युनिट १५ पेन्सना, दिवसाचे ३० पेन्सना आणि एकाच दराच्या योजनेत कोणत्याही वेळचे युनिट २५ पेन्सना मिळते. ३.४ किलोवॅटचा मोठा हीटर सात तासांत जास्तीत जास्त २३.८ युनिट वीज घेतो, म्हणजे पूर्ण साठ्याला सुमारे ३ पौंड ५७ पेन्स लागतात. तेवढ्याच पैशांत एकाच दराच्या योजनेवर चालणाऱ्या पॅनल हीटरला, म्हणजे उष्णता न साठवता लागेल तेव्हाच विजेवर तापणाऱ्या भिंतीवरच्या साध्या हीटरला, सुमारे १४.३ युनिट वीज मिळते. याचा अर्थ असा की जुन्या हीटरच्या उष्णतेपैकी साठ टक्के उष्णता तुमच्या खरोखर उपयोगी पडत असेल, तर दोघांचा खर्च सारखाच येतो. त्याहून अधिक उपयोगी पडत असेल तर जुना हीटर स्वस्त आणि कमी पडत असेल तर पॅनल हीटर स्वस्त. पॅनल हीटर बसवून इकॉनॉमी ७ तसाच चालू ठेवणे मात्र सर्वांत महागात पडते, कारण त्याची बहुतेक वीज ३० पेन्सच्या वेळेत खर्च होते.

त्यामुळे घरात दिवसा कोण असते, याला हीटरच्या वयापेक्षा अधिक महत्त्व आहे. आई-वडील भारतातून काही महिन्यांसाठी राहायला आलेले असतील, घरात तान्हे बाळ असेल किंवा कोणी घरूनच काम करत असेल, तर सकाळी आणि दुपारी बाहेर पडणारी उष्णता वाया जात नाही. त्या घरात जुने हीटर काढून पॅनल हीटर लावणे मला चुकीचे वाटते. याउलट दोघेही सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतत असतील, तर निम्म्याहून अधिक साठा रिकाम्या घरासाठी खर्च होऊ शकतो.

या हिशेबात आंघोळीचे पाणी हमखास विसरले जाते. अशा घरांत पाण्याची टाकीही सहसा रात्रीच्याच विजेवर तापते. दीडशे लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ८.७ युनिट लागतात. वरील दरांनुसार रात्री त्याचे १ पौंड ३१ पेन्स होतात, तर एकाच दरात २ पौंड १८ पेन्स. चार माणसांच्या कुटुंबात हा फरक वर्षभर रोज पडतो, उन्हाळ्यातही.

जुन्या हीटरच्या जागी नव्या पद्धतीचा, उष्णता अधिक काळ धरून ठेवणारा स्टोरेज हीटर हा दुसरा पर्याय. त्याला जाड उष्णतारोधक आवरण असते, उष्णता बाहेर ढकलण्यासाठी पंखा असतो आणि वेळा ठरवून देता येतात. या वर्गात बसण्यासाठी सोळा तासांनंतरही किमान ४५ टक्के उष्णता शिल्लक राहावी लागते, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. रात्रीचा स्वस्त दरही हातचा जात नाही. मात्र तीन-चार खोल्यांच्या घराचा खर्च काही हजार पौंडांवर जातो. शिवाय या हीटरला रात्रीच्या जोडणीखेरीज चोवीस तासांची वेगळी जोडणी लागते, म्हणून दरपत्रक घेताना वायरिंगचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारावे.

विक्रेते सिरॅमिक किंवा मातीचा गाभा असलेल्या रेडिएटरची ‘शंभर टक्के कार्यक्षम’ अशी जाहिरात करतात, तिच्यापासून सावध राहावे. विजेवर थेट तापणारा कोणताही हीटर, अगदी स्वस्तातलासुद्धा, विजेची जवळजवळ सगळी उष्णताच करतो. महागड्या गाभ्यामुळे दिवसाच्या तेवढ्याच विजेतून अधिक उष्णता निघत नाही.

खर्च खरोखर कमी करतो तो हीट पंप. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिट विजेमागे सुमारे तीन युनिट उष्णता मिळू शकते. म्हणजे २५ पेन्सच्या दराने उष्णतेचे युनिट साडेआठ पेन्सहूनही कमी पडते, रात्रीच्या विजेपेक्षा स्वस्त. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाण्याच्या रेडिएटरसह चालणाऱ्या हीट पंपासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे अनुदान आहे. अडचण अशी की स्टोरेज हीटर असलेल्या घरात पाण्याचे रेडिएटर आणि नळ्या मुळातच नसतात, त्यामुळे काम मोठे होते. पुण्या-मुंबईत भिंतीवर दिसतो तसा स्प्लिट एसी, जो हिवाळ्यात उलट चालून घर तापवतो, बसवायला त्या मानाने सोपा. पण तो आंघोळीचे पाणी तापवत नाही. दोन्ही प्रकारांत बाहेर यंत्र लावावे लागते आणि फ्लॅटमध्ये त्यासाठी जागेच्या मूळ मालकाची लेखी परवानगी आधी मिळवावी लागते. स्वतःचे स्वतंत्र घर असेल आणि तेथे दीर्घकाळ राहायचे असेल, तर मी हाच पर्याय आधी तपासेन.

घर भाड्याने देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याच्या घराला ऊर्जा प्रमाणपत्रात सर्वसाधारणपणे किमान ‘ई’ श्रेणी लागते. स्टोरेज हीटर काढून पॅनल हीटर लावल्यास ही श्रेणी घसरू शकते.

रेडिओ संदेशावरून दिवस-रात्रीचा दर बदलणारे जुने मीटर ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागले आहेत, त्यामुळे तसा मीटर असल्यास हीटरचा निर्णय काहीही असो, मीटर आधी बदलून घ्यावा. १९७० च्या दशकाच्या मध्याआधीच्या काही हीटरमध्ये ॲसबेस्टॉस असते. असे हीटर स्वतः उघडू नयेत, प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्यावेत. आणि काम शक्यतो उन्हाळ्यात करावे, म्हणजे वायरिंग उघडे असताना घर थंड पडणार नाही.