‘ईसीएम गेलं’ म्हणाले, तर आधी सेन्सरचा प्लग पाहा

मनीषनगरच्या एका गाडीमालकाला ३८ हजारांचं ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलायला लावलं गेलं. बिघाड एवढाच होता की कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) प्लगमधली एक पिन जेमतेम २ मिलिमीटर मागे सरकली होती. प्लगचं लॉक आधीच कुणीतरी तोडलेलं, वरून प्लास्टिकचा टाय आवळलेला. असं बिल नागपुरात कुणाच्याही हातात पडू शकतं, म्हणून हे सविस्तर.

चेक इंजिनचा दिवा लागला, पंखा थांबेना, गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली. स्कॅनरवर (ईसीएमनं नोंदवलेले बिघाड वाचणाऱ्या यंत्रावर) कोड आला पी०११८. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, सेन्सर गेला." पण त्या कोडचा अर्थ सेन्सर गेला असा नाही. सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय, एवढंच तो सांगतो. ईसीएम त्या वायरवर ५ व्होल्ट सोडतं. सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) थंड असताना दोन-अडीच किलोओहम, इंजिन तापल्यावर तीनशे ओहमच्या आसपास असतो, आणि त्यावरून तापमान कळतं. पिन सुटली, वायर तुटली किंवा उंदरानं कुरतडली, तरी ईसीएमला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि हाच कोड येतो. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

नवा सेन्सर बसवताना प्लग दाबला गेला, पिन टेकली, कोड पुसला, दिवा विझला. चार दिवसांनी गतिरोधकावर आदळली की पुन्हा तेच. मग ‘ओरिजिनल’ सेन्सर, मग वायरिंग, शेवटी ईसीएम. दरवेळी कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड कोणत्या वेगाला, किती तापमानाला झाला याची नोंदच उरत नाही. म्हणून कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्याच.

खरी तपासणी १० मिनिटांची आहे. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा प्लग काढा. बहुतेक गाड्यांत लाइव्ह डेटात, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत, उणे ४० अंश दिसतं. आता प्लगच्या दोन्ही पिना बारीक वायरनं जोडा. आकडा झपकन १२० च्या वर गेला किंवा पी०११७ (व्होल्टेज कमी असल्याचा कोड) आला, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा किंवा मागे सरकलेल्या पिनेचा. काहीच हललं नाही, तर प्लगच्या मागच्या बाजूनं, वायर जिथे आत जाते तिथून तीच जोडणी करा. मागून जोडल्यावर आकडा हलतो आणि समोरून हलत नाही, तर दोष पिनेचा. या गाडीत ईसीएम जिवंत आहे हे तिथेच सिद्ध झालं असतं. जाड सुई मात्र पिनेत घुसवू नका, तिची पकड सैल होते आणि नवाच बिघाड तयार होतो. ही जोडणी फक्त दोन वायरच्या टेम्परेचर सेन्सरवर करायची, तीन वायरच्या सेन्सरवर कधीच नाही.

तीन वायरच्या सेन्सरांवर दुसराच खेळ चालतो. "एकदम तीन सेन्सर गेले" असं सांगितलं, तर थांबा. बऱ्याच गाड्यांत अनेक सेन्सरांना ५ व्होल्टची आणि अर्थची लाइन सामायिक असते. ५ व्होल्टची वायर घासून बॉडीला टेकली किंवा एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे कोड एकदम येतात. एकेक प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्याच सेन्सरमध्ये. कुठलाही काढून फरक पडला नाही, तर वायरिंग तपासा.

दुरुस्तीतही बघून घ्या. वायर पिळून वर काळी टेप मारलेली नको. इथल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, त्यातही बॉनेटखाली, टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो आणि पहिल्याच पावसात तांबं हिरवं पडतं. क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) किंवा सोल्डर, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवी. प्लगचं लॉक तुटलं असेल तर प्लगच बदला.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेल्या गाडीचा गंज सीटखालच्या, कार्पेटखालच्या प्लगांत उशिरा उगवतो. विक्रेता ट्रायलआधी कोड पुसून ठेवतो. स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ बघा. ते २०-३० किलोमीटर असेल आणि रेडिनेस मॉनिटर (कोड पुसल्यावर गाडी स्वतःच पुन्हा करते त्या तपासण्या) अपूर्ण असतील, तर व्यवहार थांबवा.

काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मनीषनगरच्या गाडीमालकाकडे मात्र होती फक्त पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी. जुनं ईसीएम वर्कशॉपमध्येच राहिलं.